हात मोकळे नव्हते

टेलरबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो त्यांच्या जिन्याचं माप घेत होता.

वरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सांगून ठेवलं होतं, आणि त्यानंच हा माणूस पाठवला होता. पण खोलीत तो धड उभासुद्धा राहिला नाही. नळाला पाणी येतं का, खिडकी नीट लागते का, भिंतीला ओल आहे का, एक अक्षर विचारलं नाही. जिन्याच्या वळणावर मात्र बराच वेळ थांबला. दोन्ही हात पसरून एक भिंतीला लावला, एक कठड्याला, आणि मान हलवून स्वतःशीच म्हणाला, "आडवं नाही निघणार. तिरकं करून काढावं लागेल."

"काय काढावं लागेल?" टेलरबाईंनी खालून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "खोली छान आहे."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खोली न बघता छान म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर त्याच्या डोक्यात भलतंच काही असतं. त्यात तो बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. बघत होता पायांकडे. बाईंच्या चपलेचा एक अंगठा सुटलेला होता. त्यांनी ते पाऊल आत ओढून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी किराणावाल्याला गाठलं. "कसला माणूस पाठवलात? चोराचिलटासारखा जिना मोजतो."

"अहो, अँब्युलन्सवर असतो तो. सरकारी नोकरी. सरळ माणूस आहे."

"सरळ माणूस मान वर करून बोलतो," बाई म्हणाल्या. "हा खालमुंड्या आहे."

नाव तिथंच पडलं आणि चिकटलं. जिन्याचं कोडं त्यांच्या मुलानं सोडवलं. तो हसत म्हणाला, "आई, स्ट्रेचर कसं बाहेर काढता येईल ते बघत होता तो."

"म्हणजे घरात पाऊल टाकायच्या आधी मेल्यानं मला बाहेर काढायची सोय बघितली," बाई म्हणाल्या. पण खोली दिली.

खालमुंड्या पन्नाशीला टेकलेला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. तरुणपणी तो एका मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायचा. पुढं परीक्षा देऊन अँब्युलन्सवर गेला. कामावरून आला की आधी खालच्या नळावर बसून बूट घासायचा, मग कोपरापर्यंत हात धुवायचा. इतका वेळ धुवायचा की मशिनवर बसलेल्या बाईंना वाटायचं, एवढं काय पुसून टाकायचंय याला. सुट्टीच्या दिवशी वरून त्याचं हसणं ऐकू यायचं. एकटा माणूस हसतो कसला, म्हणून बाईंनी एकदा जिन्यात उभं राहून कान दिला. तो मुलीशी फोनवर बोलत होता. बाई खाली आल्या, पण पुरतं समाधान झालं नाही. एवढं हसण्यासारखं काय असतं मुलीपाशी?

बाईंचा मुलगा एकुलता एक. लहानपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणत, आणि सव्वीस वर्षांचा झाला तरी नाव सुटलं नव्हतं. मनानं चांगला, पण डोकं चटकन फिरायचं, आणि फिरलं की थांबायला वेळ लागायचा. तो एका फर्निचरच्या कारखान्यात काम करायचा. कपाटं, पलंग, टेबलं टेम्पोत चढवायची आणि लोकांच्या घरी पोचवायची. खालमुंड्याशी त्याचं बरं जमायचं. एकदा त्यानं सरळच विचारलं, "काका, तुम्ही सारखं खाली काय बघता?"

"सवय रे," तो म्हणाला. "आमचं काम गुडघ्यावर बसून. नजर पेशंटवर ठेवायची असते, आणि भोवती तर गर्दी जमलेली. मान वर केली की काम राहतं. मग पायांवरूनच अंदाज घ्यायचा. कोण जवळ आलाय, कोण रडतोय, कोण भांडायला आलाय. भांडायला आलेला माणूस आधी टाचा उचलतो."

भोवऱ्यानं हे कौतुकानं आईला सांगितलं. बाईंना कौतुक वाटलं नाही. पायांवरून माणूस ओळखणारा माणूस घरात वावरतोय, हे काही त्यांना बरं वाटेना. त्या दिवसापासून तो जिन्यात दिसला की त्या चपला मशिनखाली सरकवायच्या.

कारखान्यानं आपल्या आठही माणसांना एकसारखे बूट दिले होते. काळे, जाड तळव्याचे, पुढं लोखंडी टोपी असलेले. एका सकाळी भोवऱ्याच्या उजव्या बुटाची लेस तुटली. त्याला उशीर झालेला, दुकानं उघडायची होती. बाईंनी पडद्याला लावायच्या पिवळ्या दोरीचा तुकडा कापला, भोकातून नीट जावा म्हणून दोन्ही टोकं दोऱ्यानं घट्ट गुंडाळून दिली आणि बुटात ओवली.

"आई, लोक हसतील."

"हसू देत. बूट पायात तर राहील."

लोक हसले, आणि मग विसरले. लेस तशीच राहिली. संध्याकाळी तो बूट काढून जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवायचा. तिथंच खालमुंड्याची छत्री टांगलेली असायची.

एका दुपारी भोवरा अवेळी घरी आला. आईशी न बोलता नळावर गेला आणि बूट धुवायला लागला. बाईंनी मशिन थांबवलं. या मुलानं आजवर बूट धुतले नव्हते.

"काय रे, लवकर सुटलास?"

"बरं वाटत नाहीये."

तोंड पुसून तो आत जाऊन पडला. बाई दोरा आणायला म्हणून किराणावाल्याकडे गेल्या तर तिथं सगळी गल्ली जमलेली. कारखान्याच्या दारात टेम्पोचा दोर तुटून एक कपाट घसरलं होतं आणि एका कामगाराच्या अंगावर आलं होतं. तो भोवऱ्याचा जिवलग मित्र, जेवायला बाईंच्या घरी असणारा. अँब्युलन्स आली, आणि तिच्यावरच्या माणसाला गर्दीतल्या कुणीतरी कॉलर धरून ओढलं आणि तोंडावर लाथ घातली.

"तुमचाच खालमुंड्या," किराणावाला म्हणाला. "डोळ्यावर बसलीय म्हणतात."

"पोरगं कसं आहे?"

"पोरगं जगेल. लाथ मारणाऱ्याची मात्र आता धडगत नाही." त्यानं वर्तमानपत्र पुढं सरकवलं. नवा कायदा लागू होऊन फार दिवस झाले नव्हते. कामावर असलेल्या अँब्युलन्सवाल्यावर, आग विझवणाऱ्यावर, पोलिसावर हात उचलला तर थेट तुरुंग. इजा कायमची असेल तर वर्षांवर वर्षं. "पूर्वी माफी मागून, दंड भरून आपसात मिटायचं. आता मार खाणाऱ्यानं माफ केलं तरी सरकार सोडत नाही. बरंच झालं म्हणतो मी. मदतीला आलेल्याला मारायचं म्हणजे काय?"

"बरंच झालं," बाईही म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. दोरा न घेताच त्या परतल्या. वाटेत एकच गोष्ट मनात टोचत राहिली. जिवलग मित्राच्या अंगावर कपाट पडतं, आणि आपला मुलगा हॉस्पिटलात न जाता घरी येऊन बूट धुतो. यात कुठंतरी पाणी मुरतंय.

त्यांनी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळेल, ही भीती होती.

खालमुंड्या हॉस्पिटलातून परत आला तेव्हा त्याचा डावा डोळा आणि अर्धा गाल पट्टीखाली होता. जिना तो भिंत चाचपत चढला. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. वर खुर्ची एकच, म्हणून दोघं बाईंच्या पुढच्या खोलीत बसले. बाई शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत होत्या. मशिन चालू ठेवायचं आणि कान तिकडं द्यायचे, ही कसरत त्यांना साधलेली होती.

"किती जण होते?" हवालदारानं विचारलं.

"पायांवरून सांगू?"

"तोंडांवरून सांगितलंत तर सोपं पडेल."

"तोंडं नाही बघितली."

हवालदारानं सुस्कारा सोडला. "बरं, लाथ येताना हात का नाही आडवा घातलात? अंगावर काही आलं की माणूस आपसूक हात वर करतो."

"हात मोकळे नव्हते."

"म्हणजे?"

"मानेला मार असेल असं वाटलं की जो पहिला पोचतो तो पेशंटचं डोकं दोन्ही हातांत धरतो. दुसऱ्यानं मानेचा पट्टा आणून बांधेपर्यंत सोडायचं नाही. मान हलली तर माणूस जन्माचा पांगळा होतो. माझा जोडीदार पट्टा घ्यायला गाडीत गेला होता. लोकांना वाटतं, हा नुसता बसलाय, उचलत का नाही."

"आणि लाथ बसली तेव्हा?"

"तेव्हाही धरलेलं होतं."

हवालदाराचं पेन थांबलं. बाईंचा पायही थांबला. सुई बाहीत अडकून राहिली.

"बूट कसा होता?"

"काळा. कामाचा. जाड तळव्याचा."

"तसले तर कारखान्यात आठ जणांचे आहेत, आणि तिथं कुणी तोंड उघडत नाही. आणखी काही?"

खालमुंड्यानं मान खाली घातली. त्याचा एकच डोळा जमिनीवरून सरकत दाराकडे, दारातून जिन्याखालच्या कोनाड्याकडे गेला, की नुसताच तिकडं वळला, हे बाईंना ठरवता येईना.

"आणखी काही आठवलं तर सांगतो," शेवटी म्हणाला.

हवालदार गेला. खालमुंड्या वर गेला. बाई तशाच बसून राहिल्या. ज्याला साऱ्या गल्लीच्या चपला पाठ आहेत, त्याला आपल्या डोळ्यावर आलेला बूट नेमका आठवत नाही? त्याला आठवतंय. तो हातचं राखून बोलतोय. का?

भोवरा कामावरून आल्यावर त्यांनी दार लावलं आणि इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला. तो खाली बसला. लपवण्याचं त्राण त्याच्यातही उरलं नव्हतं.

"आई, काका उचलतच नव्हते त्याला. पोरगं निपचित पडलेलं, आणि हे आपले त्याचं डोकं धरून बसलेले. सगळ्यांबरोबर मीही ओरडलो, उचला, उचला म्हणून. वर बघेनातसुद्धा. मी कॉलर ओढली. तरी हलेनात. मग पाय कसा उठला मला कळलंच नाही."

"त्याचे हात मोकळे नव्हते रे," बाई म्हणाल्या, आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

भोवऱ्यानं तोंड ओंजळीत झाकलं. हॉस्पिटलात मित्र बोटं हलवून दाखवत होता, पाय हलवून दाखवत होता, आणि डॉक्टर म्हणाले होते की मान जागच्या जागी राहिली म्हणून निभावलं. ते कुणामुळं, हे भोवऱ्याला आता समजलं.

"मी जाऊन सांगतो, आई."

"वेडा आहेस? पेपर वाचला नाहीस? तुरुंग आहे तुरुंग, माफीबिफी नाही." बाईंनी त्याचा दंड धरला. "तोंडात मिठाची गुळणी धर. कुणी विचारलं तर गर्दी होती, एवढंच."

"काकांनी ओळखलं असेल तर?"

"ते मी बघते."

बघायचं म्हणजे काय, हे बाईंना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्या वर जेवणाचं ताट नेऊन देऊ लागल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी भाडेकरूला पाण्याचा पेलाही विचारला नव्हता. खालमुंड्या आता दाराला साखळी लावून बसायचा आणि आधी "कोण?" असं विचारायचा. पूर्वी त्याचं दार सताड उघडं असे. बाईंना बघून तो साखळी काढायचा, ताटाकडे बघायचा, मग बाईंच्या पायांकडे.

"ताई, रोज कशाला एवढं?"

"आजारी माणसानं चुलीपाशी उभं राहू नये."

"आजारी नाही मी. मार बसलाय."

हे साधं बोलणं होतं की टोमणा? बाई जिना उतरताना त्याचे शब्द उलटेपालटे करून तपासायच्या, कापडाची सुलटी बाजू शोधावी तसे. एकदा तर तो आपलं कामाचं जाकीट घेऊन खाली आला. कॉलर मानेपासून अर्धी उसवलेली.

"एवढं शिवून द्याल का?"

बाईंनी ते मांडीवर घेतलं. कापड कुठल्या बाजूनं ओढलं गेलं, किती जोरानं, हे धाग्यांवरून त्यांना वाचता येत होतं. वाचायची इच्छा नव्हती. याच रस्त्यावर आणखी दोन टेलर आहेत, मग हे माझ्याच मांडीवर का आणून टाकलं? मला दाखवायला? त्यांनी कॉलर इतकी बारीक जोडली की जोड दिसू नये. पैसे घेतले नाहीत. तो जाकीट उजेडात धरून शिवण बघत राहिला.

"सौदा करायला बसला असेल," किराणावाला कुणाबद्दल तरी बोलताना म्हणाला, आणि बाई दचकल्या. तो भाजीवाल्याबद्दल बोलत होता.

मग एक दिवस हवालदार पुन्हा आला. खालमुंड्या तपासणीला गेला होता. हवालदार दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, तुमच्या मुलाला सांगा, उद्या सकाळी कारखान्यात कामाचे बूट पायात घालूनच ये. सगळ्यांचे जमा करणार आहोत. साहेबांनी सांगितलंय."

तो वळताच बाई कोनाड्याकडे गेल्या. भोवरा त्या दिवशी सुट्टीवर, मित्राकडे गेलेला. बूट तिथंच होते. पिवळी लेस इतके दिवस त्यांना दिसत होती, पण आज पहिल्यांदा ती डोळ्यांत खुपली. त्यांनी कात्री घेतली. काळ्या दोरीचं नवं रीळ काढलं. एका बुटाला नवी लेस घातली, आणि मग त्यांच्यातली टेलर आडवी आली. एक लेस झगझगीत काळी, दुसरी विटलेली, जोडी जुळेना. आयुष्यभर दोन बाह्या एकसारख्या शिवलेल्या बाईला हे बघवेना. त्यांनी दुसरीही बदलली. चारही टोकं दोऱ्यानं घट्ट गुंडाळली. काम झाल्यावर त्यांच्या जिवात जीव आला.

दुपारी खालमुंड्या परत आला. जिन्याशी त्याची पावलं थांबली. बाईंनी मशिनचं चाक हातानं थांबवलं. किती वेळ तो तिथं उभा होता कोण जाणे. मग पावलं वर गेली, नेहमीपेक्षा जड.

त्या दिवशी त्याच्या दाराशी ठेवलेलं ताट जसंच्या तसं परत आलं. झाकणही उघडलेलं नव्हतं.

बाई रागानंच वर चढल्या. राग आणि भीती यांच्यातला फरक त्यांना त्या क्षणी कुणी विचारला असता तर सांगता आला नसता. या खेपेला दाराची साखळी लावलेली नव्हती. खालमुंड्या पलंगावर बसला होता.

"अन्न का परत केलंत?" त्या म्हणाल्या. "विष घातलं होतं का मी?"

"नाही, ताई. गिळवलं नसतं."

"तुम्हाला हवंय तरी काय? एकदा तोंडानं सांगून मोकळे व्हा. खोली हवी? भाडं नको? माझ्या मुलाला असं टांगून का ठेवलंय?"

तो म्हणाला, "तुम्ही लेस बदललीत."

बाईंना खाली बसावं लागलं. बसायला एकच खुर्ची होती.

"मला लाथ बसली तेव्हा पिवळं काहीतरी दिसलं होतं," तो सांगू लागला. आवाजात राग नव्हता, त्यामुळं ऐकणं जास्त जड गेलं. "पण माझा स्वतःवर विश्वास बसेना. तो बूट मी रोज जिना उतरताना बघतो. मार बसल्यावर माणसाचं डोकं काहीही जोडतं. इथलं तिथं चिकटवतं. मी असे पेशंट खूप पाहिलेत. हॉस्पिटलात पडल्या पडल्या स्वतःलाच विचारायचो, तू तिथं पाहिलंस का घरी पाहिलंस? एका माणसाची वर्षंच्या वर्षं जायची, ती माझ्या अर्धवट आठवणीवर? म्हणून हवालदाराला बोललो नाही."

"मग आमच्यावर नजर कशाला ठेवलीत?"

"बुटावर ठेवली. म्हटलं, ज्यानं मारलं तो आधी ती लेस काढून टाकेल. रोज सकाळी खाली उतरलो की पहिली तीच बघायचो. रोज तिथं असायची. पिवळी. मला हायसं वाटायचं, ताई. म्हणायचो, आपलाच संशय खोटा, पोरगा नाहीये तो." त्यानं पट्टीखालचा गाल चोळला. "आज नव्हती. आणि एक नाही, दोन्ही बदललेल्या. टोकं बांधलेली. ती गाठ तुमची."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. बाईंना वाटलं, आपण एवढे दिवस या माणसाच्या पोटात काय आहे ते शोधत होतो, आणि तो तेवढे दिवस आपल्या मुलाला सोडवायला कारण शोधत होता. ते कारण आपणच कात्रीनं कापलं.

"मग जाकीट माझ्याकडेच का आणलंत?" त्यांनी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"तुमच्याइतकी बारीक टीप इथं दुसऱ्या कुणाची नाही म्हणून."

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. "भाऊ, एकुलता एक आहे हो."

"ठाऊक आहे."

"तुम्ही नाही बोललात तर..."

"बोलणार मी," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही. हा डोळा काही परत यायचा नाही. आज डॉक्टरांनी सांगितलं. पण उद्या माझा जोडीदार कुणाचं तरी डोकं धरून बसलेला असेल. त्याच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला पाय उचलण्याआधी आठवायला हवं, की याचा जाब द्यावा लागतो. कायदा कडक आहे की बरोबर आहे, ते मला कळत नाही. एवढी वर्षं द्यावीत का, तेही नाही कळत. पण मी खोटं बोललो तर आम्ही गुडघ्यावर बसायचं कशाच्या भरवशावर?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"हवालदार वाटेत भेटला होता. उद्या सकाळी बूट जमा व्हायच्या आधी मी चौकीत जाणार होतो," तो म्हणाला. "दुपारी जाईन. सकाळ तुमची. त्याला स्वतःहून जायचं असेल तर जाऊ दे. स्वतःहून आलेल्याला न्यायाधीश थोडं वेगळं बघतात, एवढं मी ऐकलंय. जास्त माहीत नाही."

भोवरा संध्याकाळी आला तेव्हा पिवळा तुकडा मशिनवर ठेवलेला होता. आईनं काही सांगायच्या आधीच तो समजला. वाद झाला नाही. एवढंच म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, आई." हे वाक्य बाईंना पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. मग तो वर गेला. वर काय बोलणं झालं ते बाईंनी ऐकलं नाही. या वेळी त्या जिन्यात उभ्या राहिल्या नाहीत. खाली आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

सकाळी त्यानं बूट पुढं ओढले. बाईंनी काळी लेस उपसून काढली आणि पिवळी पुन्हा ओवली. तिची टोकं अजून घट्ट होती. तो तसाच, ते बूट घालून, आईबरोबर चौकीत गेला. जिन्याच्या वळणावर खालमुंड्या उभा होता. त्यानं या वेळी पायांकडे नाही, मुलाच्या तोंडाकडे बघितलं.

कायद्यात सगळ्यात कमी जेवढी शिक्षा होती तेवढी भोवऱ्याला झाली. कोर्टात मित्र मानेला पट्टा लावून साक्षीला आला होता. दोघांबद्दलही चांगलं बोलला. खालमुंड्यानं जे पाहिलं ते सांगितलं, आणि मुलगा आपणहून आला हेही न विचारता सांगितलं. किराणावाला म्हणाला, आता तरी त्याला खोली खाली करायला सांगा, कसं बघवतं तुम्हाला त्याच्याकडे. बाई म्हणाल्या, "तुमच्या दुकानातलं माप तपासा आधी." पण एकेका दिवशी त्यांनाही ते जड जायचं, आणि अशा दिवशी त्या वर ताट न्यायच्या नाहीत. तोही विचारायचा नाही.

तुरुंगात भेटीला जायच्या दिवशी बाई मशिन झाकून ठेवतात. बसची वाट लांबची आहे. दोन-चारदा खालमुंड्याही त्यांच्याबरोबर गेला. तो बाहेर बाकावर बसून राहिला. एकदा भोवऱ्यानंच आतून निरोप पाठवला, काकांना आत पाठवा.

अँब्युलन्सवर त्याला आता घेत नाहीत. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, आणि गुडघ्यावर बसलेल्या माणसाला डावीकडून कोण येतंय ते दिसायला हवं. तो अँब्युलन्सच्या कचेरीत सकाळच्या पाळीला फोन घेतो. लोक घाबरून ओरडत असतात. तो त्यांना पडलेल्या माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरायला आणि गाडी येईपर्यंत न सोडायला सांगतो. राहायला तो अजून बाईंच्या वरच्या खोलीतच आहे, आणि जिना उतरताना डावा हात भिंतीला लावून उतरतो.